परत येण्यापुरती सुट्टी

बाई,

काल आम्हाला ऐन सुट्टीत बोलावून घेऊन सुट्टी किती असावी ते विचारलं. तालुक्याचं प्रशिक्षण होतं. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून मास्तर मंडळी लवकर येऊन रुमाल टाकून बसली होती. साहेब म्हणाले, वरून विचारणा आली आहे, मे महिन्याची मोठी सुट्टी आहे तशी ठेवायची की ती मोडून वर्षभर थोडी थोडी वाटायची, प्रत्येक शाळेनं आपलं मत सांगा. मास्तरांना मत विचारायचं म्हणजे उसाच्या सरीत पाणी सोडायचं, एकदा सुटलं की कुठवर जाईल सांगता येत नाही. एक गणिताचे सर म्हणाले, दर दोन महिन्यांनी आठवडाभर द्या, पोरं ताजी राहतात. मुरगूडकडचे एक जुने गुरुजी उठले. "यात्रेदिवशी वर्गात मी आणि फळा दोघंच असतोय. त्यापरीस यात्रेला सुट्टी द्या आणि मे महिन्यातनं काय कापायचं ते कापा की!" सगळे हसले. एक नवी मुलगी, दोन वर्षांचीही नोकरी नसेल, कळकळीनं सांगत होती की मोठ्या सुट्टीत मुलं सगळं विसरतात, जूनमध्ये पुन्हा पाढ्यांपासून सुरुवात करावी लागते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आमच्या शाळेचं मत नंतर कळवते. शेजारच्या बाईंनी कोपर मारलं. एवढी बोलकी बाई आज गप्प कशी, असं त्यांना वाटलं असणार.

मी गप्प होते कारण माझ्या वर्गातली एक मुलगी सुट्टीला गेली आहे. शाळा उघडायला आता आठवडाही राहिला नाही, आणि ती परत येईल असं मला वाटत नाही. तुम्ही असता तर संध्याकाळीच एस. टी. धरून तुमच्याकडं आले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही राहायचा त्या दोन खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथं रिचार्ज मारायला जाते तेव्हा चूल कुठल्या बाजूला होती ते मी अजून मनात जुळवून बघते.

त्या चुलीपाशी आमचा नववीचा मे महिना गेला. हेडमास्तरांनी सुट्टीत वर्ग उघडून द्यायला नकार दिला, म्हणून तुम्ही आम्हा मुलींना घरीच बोलावलंत. तुम्ही कोल्हापुरातल्या, पेठेत वाढलेल्या, आमच्या गावात एकट्या राहायचा. जादा तास असं नाव होतं, पण शिकवणं थोडंच. एक मुलगी कैऱ्या किसते आहे, एक शेंगा फोडते आहे, मधेच तुम्ही आंबील ढवळता ढवळता एखादं समीकरण सांगायचा आणि आम्ही जमिनीवर खडूनं ते सोडवायचो. हजेरी मात्र फौजदारासारखी. एखादी आली नाही की तिच्या दारात जाऊन उंबऱ्यावर बसायचा, चहा मागायचा, आणि ती वेणी घालून बाहेर येईपर्यंत उठायचा नाही. गावातली माणसं म्हणायची, बाईला घरदार नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरी गोळा करती. आम्हाला तरी कुठं कळत होतं? सगळं जग मामाकडं आंबे खायला गेलेलं आणि आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात घामाघूम. तुमच्या पाठीमागं आम्ही तुम्हाला काय काय म्हणायचो ते आज लिहिण्यासारखं नाही.

माझ्या बाकावर बसणारी मुलगी आठवते तुम्हाला? हसली की तिच्या गालाला नाही, हनुवटीला खळी पडायची. तिची आई तुमच्या दारात आली तेव्हा मी शेंगा फोडत होते. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "बाई, आठ दिस सोडा की हो तिला. मामा न्यायला आलाय. पोरगी सुकलीया नुस्ती." तुम्ही आंबील चुलीवरनं खाली उतरवलीत. मग आईच्या आडून बघणाऱ्या पोरीकडं बघितलंत. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की कुणालाही नाही म्हणवलं नसतं. "आठच दिवस हं," तुम्ही म्हणालात. मला तिचा इतका हेवा वाटला की फोडलेल्या शेंगांचे दाणे मी टरफलांतच टाकत राहिले.

आठाचे दहा झाले, पंधरा झाले. मग एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, चल, तिला घेऊन येऊ. ती लाल गाडी, गुडघ्यावर ठेवलेली तुमची कापडी पिशवी, सीमेकडं जाताना दुकानांच्या पाट्यांवर हळूहळू दिसायला लागलेली कानडी अक्षरं, सगळं मला आजही दिसतं. थांब्यावर एका माणसानं विचारलं, "पावणं कुणाकडं आल्यात?" तुम्ही घर सांगितलंत, तर तो हसून म्हणाला, "अवो, लगनाला उशीर केलासा की!" तुम्ही चालायच्या थांबला नाहीत. दारात मांडवाचे खांब अजून उभे आहेत. दोरीवरची आंब्याची पानं वाळून वळली आहेत. आम्हाला घोंगड्यावर बसवतात, आणि चहाचा ट्रे घेऊन तीच बाहेर येते. कोपरापर्यंत हिरवा चुडा. कपबशा खाली ठेवून ती तुमच्या पाया पडते. नव्या नवरीच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. तुमच्या पिशवीत तिच्यासाठीच आणलेली कंपासपेटी होती, दहावीसाठी म्हणून. तुम्ही ती काढलीत आणि तिच्या हातावर ठेवलीत. तिची सासू, म्हणजे तिची मामीच, हसली. "आता हिला कशाला ओ ते?" तुम्ही म्हणालात, "असू दे." आणि चहा संपवलात. कप अर्धा ठेवला असतात तरी कुणी काही म्हणालं नसतं, पण तुम्ही शेवटचा घोटसुद्धा प्यायलात.

परतीच्या गाडीत मी मूर्खासारखं विचारलं, "बाई, आता आम्हालाबी थोडी सुट्टी मिळंल काय?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. तशाच बघत म्हणालात, "ज्यातनं माणूस परत येतंय तिला सुट्टी म्हणायचं. न परतायचं त्याला दुसरं नाव आहे. पुन्हा माझ्यापुढं हा शब्द काढलास तर थोबाड फोडीन." तुम्ही कधी कुणाला बोट लावलं नव्हतं, म्हणून मी जास्तच घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखी हजेरी घेतलीत. तिचं नावही घेतलंत, कुणीच ओ दिली नाही, आणि तुम्ही पुढच्या नावावर गेलात.

आमच्या भागात मामाच्या मुलाला मुलगी देतात, यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही, मुलगी मोठी झालेली असेल आणि तिनं स्वतः होय म्हटलं असेल तर. पण मामाकडची सुट्टी कधी संपते आणि सासर कधी सुरू होतं, त्याची शिट्टी कुणी वाजवत नाही. घर तेच, माणसं तीच, आंबेही त्याच झाडाचे.

आता या मुलीचं सांगते. यंदा नववीला होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वर्गात गोंधळ होता, पोरं बाकांवर नाचत होती, मीही काही बोलले नाही. ही माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, यंदा जादा तास घेणार न्हाईसा काय?" इतक्या वर्षांत सुट्टी वाढवून मागणारी मुलं मी पोत्यानं बघितली, कमी करून मागणारी ही पहिली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "असंच. गणित कच्चं हाय." तिचं गणित कच्चं नव्हतं, बाई. वर्गात तिच्याइतकं पक्कं कुणाचंच नव्हतं.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. वडील ट्रकवर असतात, महिन्यातून एखाद्या वेळी घरी, सगळं आईच बघते. मला वाटलं, आईला लेकीचं मोल कळलं तर ती तिला जपेल. म्हणून मी तोंड भरून कौतुक केलं. म्हटलं, ही मुलगी दहावीवर थांबणारी नाही, बारावी करेल, इंजिनियर होईल, कोल्हापुरात नाही तर पुण्याला जाईल. मी बोलत गेले तशी आईच्या तोंडावरची रया जात गेली. शेवटी तिनं विचारलं, "लईच शिकंल म्हंतासा?" मी म्हटलं, लईच. नंतर कळलं की मामाचा मुलगा दहावीला नापास होऊन पिकअप चालवतो. मुलगी आणखी दोन यत्ता पुढं गेली की त्याला शोभायची नाही. म्हणजे जी गोष्ट दोन-तीन वर्षांनी झाली असती ती मी माझ्या जिभेनं अलीकडं ओढली. तुम्ही कुठल्याच आईसमोर मुलीचं कौतुक का करायचा नाही, नुसतं "ठीक आहे, मेहनत घ्यायला पाहिजे" का म्हणायचा, ते मला त्या दिवशी समजलं.

मी जादा तास लावायला निघाले तर मुख्याध्यापक म्हणाले, उन्हामुळं सुट्टीत वर्ग भरवू नका असं वरून आलंय, कुणा पोराला भोवळ आली तर मी अडकीन. त्यांचंही चुकीचं नव्हतं. माझ्या घरी बोलवावं म्हटलं, तोवर ती गेली होती. मग राहिला फोन. तिच्या आईच्या नंबरवर मी गणितं पाठवायची. आईही मे महिना भावाकडंच होती. पहिल्या आठवड्यात उत्तरं आली, वहीचं पान, त्याच्या कडेला कैरीची फोड. मग नुसता अंगठा यायला लागला. मग तोही नाही, निळ्या खुणा फक्त. आणि एक दिवस आईच्या नावापुढचा फोटो बदलला. त्यात ही होती, साडी नेसून, गजरा माळून, कुठल्या तरी दारात उभी. फोटो काढणाऱ्यानं हस म्हटलं असणार, कारण ती हसत होती.

मी गेले. एकटीच गेले. तिथं कुणी वाईट वागेल अशी तयारी करून गेले होते, ती सगळी फुकट गेली. मामा धावतच बाहेर आले. "या या बाई, पाय धुवा. कवाधरनं म्हंतोय आमी, बाई एकदा आमच्यात यायला पायजेत." मांडव नव्हता. अंगणात पिकअप उभी होती आणि एक लाजाळू मुलगा तिचं चाक पुसत होता. मला बघून तो मागच्या बाजूला निघून गेला. मी विषय काढला तर मामा जरासुद्धा चिडले नाहीत. "लगीन कुटं करतोय आत्ता? नुस्तं बोलून ठेवलंय घरातल्या घरात. दहावी करू दे की, आमी कुटं न्हाय म्हंतोय? हितंबी शाळा हाय, हितनं करंल. तेवढा दाखला द्या म्हंजे झालं." मुलीला बोलावलं. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "व्हय बाई. हितं चांगलं हाय." डोळे वर केले नाहीत. मी म्हटलं, आपण दोघी जरा मळ्याकडं जाऊन येऊ. मामी म्हणाल्या, "ऊन हाय की, बसा हितंच," आणि तिच्या शेजारी बसल्या. फार मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग मला म्हणाल्या, "बाई, तुमी उगंच जीवाला लावून घ्यालाय. माझी आत्या ह्या घरात दिलेली. तिच्याकडं मीबी अशीच सुट्टीला आलते. आठवीचा पेपर देऊन. आठ दिसांसाटनं." आणि हसल्या. खरंच हसल्या, कडवटपणा काही नव्हता. मी चहा अर्धाच ठेवून उठले. तुम्ही तो शेवटपर्यंत कसा प्यायलात ते मला सांगा.

घरी आल्यावर, बालविवाहाचं ज्या नंबरवर कळवायचं असतं तिथं मी कळवलं. दोन माणसं जाऊन आली. त्यातल्या एकानं मला फोन करून सांगितलं, मॅडम, हळद नाही, पत्रिका नाही, भाची मामाकडं सुट्टीला आली आहे, यात आम्ही काय लिहायचं? वय भरल्याशिवाय लग्न करणार नाही असं मामांनी लिहूनही दिलं म्हणे, हसत हसत, आणि त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. "माझ्या भावाच्या दारात माणसं धाडलीसा, बाई. तुमाला मी घरातलं समजत हुते." मी म्हटलं, तिला शिकू द्या. ती एकदम रडायलाच लागली. "माझा भाऊ हाय म्हणून तर देतोय न्हवं? परक्याच्या घरात पोरीला काय करत्यात, काय न्हाय, बघायला मला कोन उभं करंल?"  मग नाक ओढून ती म्हणाली, "शाळा उघडली की पैल्या दिशी दाखला न्यायला येतोय." दाखला अडवता येत नाही. आईबापांचा तो हक्कच आहे, आणि मुख्याध्यापक सही करतील.

तर सुट्टी किती असावी? मी काल रात्रीपासून हाच विचार करते आहे. लहान लहान सुट्ट्या द्याव्यात म्हटलं, तर दिवाळीच्या चार दिवसांतही बोलणी होतात, भीती फक्त वर्षभर पुरवून खावी लागते. मोठी द्यावी तर कोरोनाच्या वेळची सुट्टी आठवते, तुम्ही ती बघितली नाहीत ते बरं झालं. संपता संपेना अशी ती सुट्टी. शाळा उघडली तेव्हा मुलांच्या रांगा भरल्या होत्या आणि मुलींच्या रांगेत मधल्या मधल्या जागा मोकळ्या होत्या. मुलांना सुट्टी पाहिजेच, हेही मला पटतं. पोहायला कधी शिकायचं, उंडारायचं कधी? पण साहेबांना लिहून काय कळवू? दिवस मोजून हे सुटत नाही. मुलग्यासाठी वेगळी आणि मुलीसाठी वेगळी सुट्टी असा काही नियम नसतो, आणि असावा असं म्हणायची मला लाज वाटते. मी रागावले आहे, बाई, आणि कुणावर रागवायचं ते मला ठरवता येत नाही. सगळेच मला चहा देतात.

आता जे लिहिणार होते ते लिहिते, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही. माझी मुलगी आठवीत जाते आहे. माझा भाऊ शिरोळकडं असतो, ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, आणि माणूस असा की शेजाऱ्याची शेळी व्याली तरी रात्रभर जागेल. त्याचा मुलगा अकरावीला आहे, माझ्या मुलीला तो दादा म्हणून सायकल शिकवायचा. दर मे महिन्यात ती तिकडं जाते. यंदा मी काही ना काही सांगून ते टाळत आले. आज सकाळी भावाचा फोन आला. "ताई, शाळा उघडायच्या आत चार दिस तरी धाड की पोरीला. पोरं वाट बघत्यात." मी म्हटलं, तिला बरं नाही, ताप आहे. मुलगी समोर उभी राहून ऐकत होती, धडधाकट. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मम्मी, मामाचं काय चुकलं?" मामाचं काहीच चुकलेलं नाही. त्यानं आजवर तसला एक शब्द काढलेला नाही, आणि त्याच्या मनातही नसेल. माझ्या मनात आला.

ताप म्हटल्यावर तो काय घरी बसणार आहे? "मग मीच येतोय बघायला," म्हणाला. दुपार कलली आहे. सख्ख्या भावाच्या गाडीच्या आवाजाची मला भीती वाटते आहे. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगवत नाही, आणि तुम्हालाही हे पोचणार नाही म्हणूनच लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मुलगी "मामा आला" म्हणत पळत बाहेर गेलीसुद्धा. मी अजून उठलेले नाही.